माळ्यावरचा संगणक आणि मागावरची कार्डे

चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकांसाठी आजही हौसेने नवे खेळ लिहिणारी मंडळी जगभर आहेत. हे वेड कशासाठी? रेशमी साड्यांच्या तिरुभुवनम् गावातील हातमागावर त्याचे उत्तर सापडते. आणि कदाचित आपल्या घराच्या माळ्यावरही!

कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्याने सात-आठ किलोमीटर गेले की तिरुभुवनम् लागते. चोळ राजा तिसरा कुलोत्तुंग याने उभारलेले कंपहरेश्वराचे भव्य मंदिर ही या गावाची एक ओळख, तर रेशमी साडी ही दुसरी. या साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंजावरचा हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत येथे भोसल्यांचे राज्य होते. देवळातून बाहेर पडून विणकरांच्या गल्लीत शिरावे, तर मागांची लयबद्ध खटखट कानी येते.

मागावर बसलेल्या विणकराच्या हातांकडे आपले लक्ष लगेच जाते. धोटा इकडून तिकडे धावतो, फणी ठोकली जाते, जरीचा काठ बोटाबोटाने वाढत जातो. पण खरी गंमत त्याच्या डोक्यावर असते. तेथे पुठ्ठ्याच्या लांबट कार्डांची माळ टांगलेली असते आणि प्रत्येक कार्डाला भोके पाडलेली असतात. विणकराने पावडी दाबली की माळ एक कार्ड पुढे सरकते.

हेच ते जॅकार्ड. त्याचे काम समजायला सोपे आहे. एक कार्ड म्हणजे नक्षीतील बाण्याची एक ओळ. कार्डावर जेथे भोक असेल तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेले ताण्याचे धागे वर उचलले जातात. जेथे भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागे खालीच राहतात. उचललेल्या धाग्यांखालून धोटा गेला की नक्षीची एक ओळ पुरी झाली. अशा शेकडो ओळी विणल्यावर मोर दिसू लागतो, हंस दिसू लागतो, देवळाच्या शिखरांचा काठ दिसू लागतो.

म्हणजे विणकराने मोर डोळ्यांसमोर आणून विणायचा नसतो. मोर आधीच चौकटीच्या कागदावर काढून, भोकांच्या भाषेत लिहून ठेवलेला असतो. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच: भोक आहे की नाही? आहे किंवा नाही, हो किंवा नाही, एक किंवा शून्य. संगणकाचीही सारी भाषा एवढीच आहे.

मागावरून संगणकावर

हे साम्य योगायोगाचे नाही. तंजावरात सरफोजीराजे आपला ग्रंथसंग्रह वाढवत होते त्याच काळात, म्हणजे १८०४ च्या सुमारास, फ्रान्समधील लियों या रेशमाच्या शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने कार्डांवर चालणारा हा माग सिद्ध केला. पुढे त्याचेच एक चित्र रेशमात विणले गेले. त्यासाठी सुमारे २४,००० कार्डे लागली होती. इंग्लंडमधील गणिती चार्ल्स बॅबेज याच्याकडे या रेशमी चित्राची एक प्रत होती. आकडेमोड करणारे आपले मोठे यंत्र कार्डांवर चालवायचे, ही कल्पना त्याने या मागावरूनच घेतली. बॅबेजच्या यंत्रावर १८४३ मध्ये टिपणे लिहिणाऱ्या एडा लव्हलेस या विदुषीनेही त्याची तुलना जॅकार्डच्या मागाशी केली होती.

बॅबेजचे ते यंत्र पुरे झाले नाही, पण कार्डे टिकली. अमेरिकेची १८९० ची जनगणना हर्मन हॉलरिथ याच्या कार्डयंत्रांवर मोजली गेली. पुढे संगणक आले तेव्हा त्यांनाही बराच काळ कार्डांवरच प्रोग्रॅम भरवले जात. आपल्याकडेही मोठ्या शिक्षणसंस्थांत विद्यार्थी कार्डांचे गठ्ठे घेऊन संगणक केंद्राबाहेर रांगा लावत. गठ्ठा हातातून निसटून कार्डांचा क्रम बिघडला की सारी मेहनत वाया!

पुण्यात बनलेला स्पेक्ट्रम

मग १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा छोटासा संगणक बाजारात आणला. दूरदर्शन संच हाच त्याचा पडदा आणि गाण्यांचा टेपरेकॉर्डर हीच त्याची कपाट-पेटी. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन तो ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात आणला. त्याच सुमारास, १९८४-८५ पासून, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या योजनेतून सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक पोहोचले होते. आज पन्नाशीला आलेल्या अनेक मराठी अभियंत्यांनी आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम अशाच एखाद्या यंत्रावर लिहिला.

ज्या वाचकांनी तो काळ पाहिला आहे त्यांना टेपचा तो कर्कश आवाज आठवत असेल. कॅसेट लावायची, कळ दाबायची आणि पडद्याच्या कडेला धावणाऱ्या रंगीत पट्ट्यांकडे बघत पाच-पाच मिनिटे वाट पाहायची. त्या किरकिरीतही शून्य आणि एकच असत. शून्यासाठी आखूड लहर, एकासाठी दुप्पट लांब. शेवटच्या क्षणी चूक निघाली की पुन्हा पहिल्यापासून!

या संगणकावर स्वतःचे चित्र तयार करायचे तर काय करावे लागे? तिरुभुवनमचा नकाशाकार जे करतो तेच. चौकटीचा कागद घ्यायचा, आडव्या आठ आणि उभ्या आठ चौकटी आखायच्या. ठिपका हवा तेथे एक, नको तेथे शून्य. साडीवरची एक साधी बुट्टी अशी लिहिता येते:

०००११०००
००११११००
०११११११०
१११००१११
१११००१११
०११११११०
००११११००
०००११०००

आपले मूल जवळ असेल तर त्याला या आठ ओळी चौकटीच्या वहीत उतरवून सगळे ‘एक’ रंगवायला सांगा. मधोमध पोकळी असलेली बुट्टी उमटेल. स्पेक्ट्रमला या ओळी अशाच, शून्य-एकाच्या रूपात सांगता येत. किंवा त्यांच्याऐवजी २४, ६०, १२६, २३१ आणि पुन्हा उलट क्रमाने २३१, १२६, ६०, २४ हे आठ आकडे दिले तरी चालत. आठ आकड्यांत एक बुट्टी! अशा एकवीस आकृत्या एका वेळी तयार ठेवण्याची सोय होती. एवढ्या भांडवलावर शाळकरी मुलांनी राक्षस, विमाने, चोर-पोलीस आणि भुलभुलैये उभे केले.

थोडक्यात भागवण्याची कला

स्पेक्ट्रमची वापरता येणारी स्मृती होती ४८ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेल्या साध्या फोटोला तीन-चार मेगाबाइट लागतात. म्हणजे साठहून अधिक स्पेक्ट्रमांची सगळी स्मृती एकाच फोटोत संपेल! रंगांचीही अडचण होती. आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत फक्त दोनच रंग बसत. खेळातला नायक झाडाजवळून गेला की तो झाडासारखा हिरवा होई किंवा झाड त्याच्यासारखे पांढरे होई. म्हणून जाणते कारागीर चित्र मुळातच एका रंगात आखत आणि ती अडचण दिसूच देत नसत.

नव्वदच्या दशकात आपल्या घराघरांत टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. त्यातले बहुतेक निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला होत्या. ‘एकात ९९९९ खेळ’ असे कॅसेटवर छापलेले असे आणि आत तेच पंधरा-वीस खेळ पुन्हापुन्हा निघत. त्यातला मारिओ आठवतो? सुपर मारिओ ब्रदर्स हा १९८५ चा अख्खा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. त्यातली एक युक्ती पुन्हा कधी खेळाल तेव्हा जरूर पाहा. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांचा आकार एकच आहे. फक्त रंग बदलला आहे!

विणकरालाही ही युक्ती चांगली ठाऊक असते. नक्षीची वरची आणि खालची बाजू सारखी असेल तर कार्डे अर्ध्याच भागाची तयार करायची. अर्धी नक्षी विणून झाली की तीच माळ उलटी फिरवायची. कार्डे वाचली, श्रम वाचले आणि बुट्टी मात्र पूर्ण. आमच्या आकड्यांच्या बुट्टीतही तेच घडले आहे. पहिले चार आकडे कळले की उरलेले चार सांगावे लागत नाहीत.

हीच कला आजच्या हौशी मंडळींना खुणावते. जर्मनीतील मॉर्फकॅट गेम्स या छोट्या चमूने २०१९ मध्ये निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रासाठी मायक्रो मेजेस हा नवा खेळ काढला. तो एका वेळी चौघांना खेळता येतो आणि तोही ४० किलोबाइटमध्येच बसवला आहे. एड फ्राइज हे मायक्रोसॉफ्टच्या खेळ विभागाचे एके काळचे प्रमुख. हाताशी वाटेल तेवढी साधने असलेल्या या गृहस्थाने हेलो या गाजलेल्या खेळाचे रूप १९७७ च्या अटारी यंत्रावर उतरवायचे ठरवले. त्या यंत्राची चालू स्मृती केवळ १२८ बाइट! त्यांचा हा खेळ २०१० मध्ये पुरा झाला आणि पुढे अमेरिकेच्या स्मिथसोनियन कलासंग्रहालयाने तो आपल्या संग्रहात घेतला. बेसिक भाषेत अवघ्या दहा ओळींत खेळ लिहिण्याची स्पर्धाही दर वर्षी होते.

रामानुजनच्या गावचा धडा

पण मर्यादेतून शिकायला मिळते, हे खरे कशावरून? त्यासाठी तिरुभुवनमहून पुन्हा कुंभकोणमला जाऊ. सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर एक छोटे कौलारू घर आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण तेथे गेले. त्यांची १७२९ या आकड्याची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. दोन घनांची बेरीज म्हणून दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या. एकाचा घन अधिक बाराचा घन म्हणजे १७२९ आणि नऊचा घन अधिक दहाचा घन म्हणजेही १७२९.

आता हीच संख्या एखाद्या मुलाने जुन्या, संथ संगणकाकडून शोधून घ्यायची ठरवली असे समजा. एक ते बारा हे आकडे चार जागी फिरवून पाहायचे, हा सरळ मार्ग. त्यात २०,७३६ वेळा तपासणी करावी लागते. आजचा संगणक हे काम डोळ्याचे पाते लवण्याआधी करतो. मुलाला वाटते, जमले! आणि तो पुढच्या गोष्टीकडे वळतो.

स्पेक्ट्रमवर मात्र तो ताटकळत बसतो. कंटाळतो आणि विचार करू लागतो. एक अधिक बारा आणि बारा अधिक एक हे वेगळे कशाला धरायचे? मग जोड्या उरतात फक्त ७८. प्रत्येक जोडी दुसरीशी एकदाच ताडून पाहिली तर ३,००३ तपासण्यांत काम भागते. काम जवळजवळ सातपट कमी झाले! शिवाय बारा घन पुन्हापुन्हा काढण्याऐवजी सुरुवातीलाच एकदा काढून ठेवले तर आणखी वेळ वाचतो. हे त्याला कुणी शिकवले नाही. वाट पाहण्याच्या कंटाळ्याने शिकवले.

खेळ की वेळेचा अपव्यय?

‘आधीच मुले मोबाइल सोडत नाहीत, त्यात आणखी एक खेळाचे वेड कशाला?’ असे एखादी आई विचारील, आणि तिची काळजी चुकीची नाही. पण खेळ खेळणे आणि खेळ करणे यांत साडी नेसणे आणि साडी विणणे यांच्याइतके अंतर आहे. खेळ करणाऱ्याला चित्र काढावे लागते, गोष्ट रचावी लागते, हिशेब करावा लागतो आणि आपली चूक आपणच शोधावी लागते. आजच्या यंत्रांची रचना एवढी गुंतागुंतीची आहे की ती सगळी एका माणसाच्या डोक्यात मावत नाही. जुन्या स्पेक्ट्रमचे तसे नाही. त्याचा कोपरा न् कोपरा बारावीच्या मुलाला काही महिन्यांत समजू शकतो. एखादे यंत्र आपल्याला पुरते कळले आहे, हा आत्मविश्वास पुढे कोणत्याही विद्येत उपयोगी पडतो.

त्यासाठी जुने यंत्र विकत घेण्याचीही गरज नाही. जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारे एम्युलेटर हे प्रोग्रॅम आजच्या साध्या संगणकावर फुकट चालतात. स्पेक्ट्रमचे हक्क १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीकडे गेले होते. या कंपनीने १९९९ मध्ये स्पेक्ट्रमचा अंगभूत प्रोग्रॅम अशा एम्युलेटरबरोबर वाटायला परवानगी दिली. जोनाथन कॉल्डवेल यांनी तयार केलेल्या आर्केड गेम डिझायनरसारख्या साधनाने तर नवशिक्यालाही स्वतःचा खेळ बांधता येतो. पहिला खेळ लहानच असावा. एक पडदा, एक नायक, एक अडथळा. तेवढे पुरे.

माळा उघडा, पण जपून

आता थोडे आपल्या घराविषयी. आपल्या दिवाणाखाली किंवा माळ्यावर असा एखादा संगणक असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याला देण्यापूर्वी थांबा. तो लगेच सुरू करून पाहण्याची घाईही करू नका. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पण त्याच्या पिनेची आतली बाजू ऋण असते. इतर बऱ्याच उपकरणांत ती धन असते. त्यामुळे हाताला लागेल तो अडॅप्टर जोडला तर यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. जुना अडॅप्टरही आधी जाणकाराकडून तपासून घ्यावा. कळफलकाखालचा प्लास्टिकचा पातळ पडदा वयाने कडक होऊन तडकतो. कळा चालत नसतील तर दोष बहुधा तेथेच असतो आणि तो पडदा नवा मिळतो.

यंत्राहूनही मोलाच्या आहेत त्या कॅसेटी. दुकानातून आणलेल्या खेळांच्या प्रती जगात कुठे ना कुठे जपलेल्या असतात. पण ‘माझा खेळ’ किंवा ‘दादाचा प्रोग्रॅम’ असे पेनाने लिहिलेल्या कॅसेटची दुसरी प्रत कोठेच नसते. फितीवर बुरशीचे पांढरे डाग दिसले तर ती वाजवू नका. फीत स्वच्छ असेल तर ती एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळा. टेपरेकॉर्डरचे हेड साफ करा. मग टेपरेकॉर्डर आजच्या संगणकाला तारेने जोडून तो आवाज गाण्यासारखा ध्वनिमुद्रित करून ठेवा. या आवाजातून मूळ प्रोग्रॅम परत काढून देणारी साधने फुकट मिळतात. मुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा.

ही घाई कशासाठी? व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात मिळत नाहीत, असे तीत आढळले. ही गत कंपन्यांनी काढलेल्या, जाहिराती झालेल्या खेळांची. मग पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या मुलांनी सुटीत बसून लिहिलेल्या खेळांची काय कथा? त्यांची नोंद कोणत्याही ग्रंथालयात नाही. ती फक्त घराघरांतल्या त्या तपकिरी फितीवर आहे आणि दर पावसाळ्यागणिक ती फीत थोडी थोडी मरते आहे.

तिरुभुवनममध्ये काम संपलेली कार्डे कुणी फेकून देत नाही. साडी कितीही जपली तरी पन्नास-साठ वर्षांत घडीवर विरते, जर काळवंडते. पण तिची कार्डे शाबूत असतील तर तीच साडी नव्या रेशमात पुन्हा विणता येते. आजीच्या लग्नातला मोर नातीच्या पदरावर उतरतो. आज अनेक विणकर गावांत पुठ्ठ्याच्या कार्डांची जागा इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड घेऊ लागले आहे. तरीही जुन्या कार्डांची किंमत जाणत्या विणकराला ठाऊक आहे. नक्षीचा जीव कापडात नसून त्या भोकांत आहे, हे तो जाणतो.

आपल्या माळ्यावरची कॅसेट म्हणजे अशीच कार्डांची माळ आहे. यंत्र मोडेल, पडदा विझेल, पण फितीवरचे शून्य आणि एक वेळीच उतरवून घेतले तर पस्तीस वर्षांपूर्वी बाबांनी रचलेला खेळ आज त्यांची मुलगी खेळू शकेल. एवढेच काय, त्यात एक नवा राक्षस घालून तो पुढेही नेऊ शकेल. या रविवारी माळ्यावरचा तो खोका खाली काढा. काढताना मुलांना शेजारी बसवा, आणि सोबत एक चौकटीची वहीही असू द्या.